सगळं त्या गेमनं केलं

माझ्या मामेसासऱ्यांना जगातल्या यच्चयावत संकटांचं मूळ ठाऊक होतं, आणि ते मूळ म्हणजे मोबाईलवरचा गेम. दूध नासलं, गेममुळं. कांद्याचा भाव पडला, गेममुळं. एकदा नगरहून त्यांच्या गावी, काष्टीला येताना माझी गाडी पंक्चर झाली, तर दारातच म्हणाले, "जावईबापू, लहानपणी गेम खेळला आसाल. मग रस्त्याकडं ध्यान कुठलं ऱ्हातंय!" अहो, माझ्या लहानपणी आमच्याकडं साधा फोन नव्हता! पण मामांपुढं बोलायची कुणाची टाप होती?

मामा बैलबाजारातले जुने दलाल. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही, असा सगळा मुका धंदा. त्याची भरपाई ते घरी करायचे. भाजीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात, आणि वर, "येकेकाची तंगडी मोडीन!" गंमत म्हणजे बाजारात मारका बैल आला की हेच मामा बैलाकडं बघायचेही नाहीत. मालकाला विचारायचे, "घरी कसं वागवतूस रं याला?" रागीट नातीच्या बाबतीत मात्र घरातले सगळे निर्दोष आणि गेम तेवढा गुन्हेगार.

गेल्या दिवाळीत आम्ही तिथंच होतो. ही नात, मुक्ता, तिसरीतली. गेममध्ये हरली, त्यात आईनं फोन मागितला, तर पोरीनं जवळचा पेला उचलून आईला फेकून मारला. कपाळ फुटलं, रक्त आलं. मामांनी फोन हिसकावून हौदात टाकला. पोर धावत खोलीत शिरली आणि आतून कडी लावली. हाकेला ओ नाही. दुपारचं जेवण तसंच राहिलं. शेवटी मामा पहार घेऊन दार फोडायला निघाले.

"आत आलात तर येकेकाची तंगडी मोडीन!" आतून आवाज आला.

कपाळावर हळद दाबून बसलेली सूनबाई सासऱ्यांपुढं कधी तोंड उघडत नसे. ती म्हणाली, "मामा, ह्ये कुठल्या गेममधलं हाय?"

आता घरात काय होतंय म्हणून माझा जीव मुठीत. पण मामांनी पहार खाली ठेवली. खिडकीशी गेले, गजांतून हात आत घातला आणि त्यावर रुमाल टाकला. "मुक्ते, सौदा कर. तू सांगशील त्यो."

थोड्या वेळानं रुमाल हलला. काय ठरलं ते मामांनी आजतागायत सांगितलेलं नाही, पण कडी निघाली.

पोर बाहेर आली. तिच्या डोक्यावरून फिरवायला मामांनी हात उचलला, तर तिनं पटकन दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मामांनी तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं हो! तो हात तसाच वर राहिला.

हल्ली मामा गेमचं नाव काढत नाहीत. नातीजवळ जायचं तर लांबूनच विचारतात, "हात फिरवू का गं?" कधी ती मान हलवते. नाही हलवली, तर मामा मुकाट अंगणात जाऊन बसतात.