पारेला शिव्या घालायला हव्यात

पारे आजारी पडल्यापासून त्याच्या अंगणात सगळे हळू आवाजात बोलतात. काल मी त्याच्या चटईजवळ बसलो होतो. जो येई तो "आराम करा, बाबा," म्हणून जाई. पारेचा हात चटईवर नुसता पडून होता.

मला ते बघवेना. मी मोसी, तो सामो. या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची आणि कुणी रागवायचं नाही, हा आमच्या बापजाद्यांचा रिवाज. जन्मभर त्यानं भर बाजारात माझी टोपी पळवली, मी त्याला चारचौघांत गुलाम म्हटलं. मऊ बोलणं आपण परक्याला देतो, नाहीतर जग सोडून जाणाऱ्याला. मीही मऊ बोललो तर पारे काय समजेल?

मी ओरडलो, "ऊठ रे गुलामा! कुत्र्याची मुंडी खाऊन पोट बिघडलं ना?"

त्याची शहरातून आलेली सून दचकली. "काका, ते आजारी आहेत!"

"आजारी आहे ना? मेला तर नाही!"

चटईवरची बोटं हलली. बारीक आवाज आला, "ए मोसी, आधी तूच मरशील. रिवाजाप्रमाणं तुझ्या खड्ड्यात मी आडवा पडणार. कोंबडा दिल्याशिवाय पुरूच देणार नाही तुला."

"कोंबडा? पीससुद्धा मिळणार नाही!"

सून मला आडमुठा म्हणते. म्हणू दे. आज पुन्हा काठी घेऊन निघालोय. वाटेत नवी शिवी जुळवतोय, कारण कालचीला त्यानं रात्रभर पडून उत्तर शोधलं असणार.