राविरोचं सोंग

मायदेई या नावाचा अर्थ "तुम्हांला हवं तरी काय होतं?" लागोपाठ चौथी मुलगी झाली तेव्हा बापाकडच्या माणसांनी तोंडं वाकडी केली, म्हणून आईनं रागानं हे नाव ठेवलं. बुहेरा भागातल्या बायका तशाही जिभेच्या तिखट. त्यात असलं नाव, मग विचारायलाच नको.

पहिल्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा नवऱ्यानं तिला मिशनच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. तिथं लांबलांबच्या पोटुशा बायकांसाठी एक लांबडी खोली होती. महिना-पंधरा दिवस आधी यायचं, आपलं पीठ आपण आणायचं, बाहेरच्या चुलींवर रांधायचं आणि कळा यायची वाट बघत बसायचं. मायदेईनं सामान सोडलं. पीठ होतं, सुकवलेली भाजी होती, पातेलं होतं. मीठ घरी राहिलं होतं.

शेजारच्या चुलीशी एक बुटकी बाई नुसत्या जाळाकडे बघत बसली होती. तिचं नाव राविरो.

"मीठ आहे का हो?" मायदेईनं विचारलं.

"आहे. पातेलं आहे का?"

"तुमचं काय झालं?"

"बसच्या टपावरून पडलं. कुठल्या तुम्ही?"

"बुहेराच्या."

"म्हणजे देवक रानहरीण. मग चुलीपाशी काय बसलात? दगड चाटायला जायचं रानात. हरणांना तिथंच मीठ मिळतं."

"आणि तुमचं देवक?"

"माकड."

"तरीच! पातेलं कुणी टपावर ठेवतं का? माकडानंच ठेवावं."

दोघी पोट धरून हसल्या. धरायला पोटंही भरपूर होती. त्या दिवसापासून एका पातेल्यात मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा शिजायला लागला, आणि त्यात राविरोचं मीठ.

मायदेई आधी मोकळी झाली. मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. दात न आलेल्या लेकराला रडारड करून पुरत नाहीत. बायकाबायकाच ओढ्याकाठी ओल्या मातीत ठेवून येतात, पुरुष जात नाहीत, आईनं डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. मायदेईनं काढलं नाही. दगडासारखी उभी राहिली. पोटुशीनं तर अशा वाटेला जाऊच नये, पण राविरो नऊ महिन्यांचं पोट घेऊन मागून डुलत डुलत आली. उतारावर तिचा पाय सटकला, घोटा मुरगळला, आणि ती चिखलात बेडकासारखी बसली. बायका धावल्या.

"राहू द्या," राविरो खालून म्हणाली. "खणताच आहात तर जरा रुंद खणा. उद्या परत यायचा हेलपाटा वाचेल."

बायकांनी तोंडावर हात घेतले. असलं अभद्र बोलायचं? आणि मायदेईला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, ते थांबेना. तीन दिवसांचं सगळं बाहेर आलं. राविरो चिखलातच बसून राहिली, ती मायदेईचं रडून होईपर्यंत. पुढं तो घोटा नीट बसला नाही. जन्मभर राविरो डावा पाय बाहेर फेकून चालली.

चार दिवसांनी राविरोला मुलगा झाला. त्याचं नाव गारिकाई, म्हणजे सुखानं राहा.

अशा रीतीनं त्या दोघी एकमेकींच्या साहविरा झाल्या. साहविरा म्हणजे नुसती मैत्रीण नव्हे. घरात कुणी गेलं की रडायला रक्ताची माणसं असतात; साहविरा हसवायला येते. मेलेल्याचे कपडे अंगावर चढवून त्याची चाल चालते, त्याच्या खोडी करते, जितेपणी कुणी बोललं नाही ते सगळ्यांदेखत बोलून टाकते. तिला गप्प बस म्हणायची सोय नाही. ती कबरीत उतरून आडवी झाली तरी हातापाया पडूनच बाहेर काढावं लागतं. आणि तिच्या बोलण्याचा राग धरणारा हलक्या जातकुळीचा समजला जातो.

मायदेईचा नवरा गेला तेव्हा राविरो नदी ओलांडून आली, ती त्याची विजार आणि कोट मागतच. बिअरच्या मडक्याजवळून झोकांड्या खात निघाली, सगळ्या अंगणाला वळसा घालून स्वतःचंच घर शोधत फिरली. मग मयताच्या पेटीवर थाप मारून म्हणाली, "मरायची एवढी घाई? माझी कुदळ तीन वर्षांपूर्वी उसनी नेलीस, ती ठेव आणि मग जा!" दीर हसले, सासू हसली. मायदेई कपाळावर हात मारून हसली. त्या हसण्यानं ती विधवा झाली, असं ती पुढं सांगायची. तोवर खरं वाटत नव्हतं.

दर सुगीनंतर एकीनं दुसरीकडे चार दिवस राहायचं, अशी बेचाळीस वर्षं गेली. मायदेईला पुढं दोन मुली झाल्या, त्या आपापल्या घरी गेल्या. राविरोला तो एकच, गारिकाई. शिकला, विमानात बसला, तिकडेच राहिला. तो वाईट होता असं नाही. बसवाल्याबरोबर तेल, साखर, साबण यायचा. आईला त्यानं फोनही पाठवला होता. त्याचा आवाज तेवढा येत नव्हता.

शेवटच्या खेपेला मायदेई गेली तो रविवार होता. राविरोनं अंघोळ केली, डोईला चांगला रुमाल बांधला, आणि डावा पाय फेकत घरामागच्या टेकाडाएवढ्या वारुळाकडे निघाली. फोनला तिथंच आवाज लागायचा.

"कुठं चाललीस नटून?" मायदेईनं विचारलं.

"जावईशोध लावायला. चल, हात दे."

दोघी म्हाताऱ्या एकमेकींना ओढत वारुळावर चढल्या. राविरो फोन हातात धरून बसली. सावली या अंगाची त्या अंगाला गेली.

"दर रविवारी?"

"अकरा वर्षं. एकदा वाजला होता. चुकून लागलेला निघाला. बिचारा माणूस बराच वेळ बोलला पण."

मायदेई काहीतरी तिखट बोलणार होती, पण राविरोनं तिचा गुडघा दाबला. "मी गेले की हे त्याला सांग. त्याच्या तोंडावर, चार माणसांत. मला आईला नाही जमत. तू साहविरा, तुला कोण अडवणार?" आणि घरी आल्यावर तिनं आपला हिरवा झगा काढून दिला, खिशात तपकिरीची डबी घालायची तो. "हा घाल. तुला आखूड होईल, हरणे. अजून हसतील."

आठ महिन्यांनी निरोप आला. मायदेई पिशवीत झगा घालून पहाटेच्या गाडीला बसली. वाटभर ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, कशानंतर काय बोलायचं. आधी चाल, मग तपकीर, मग बसचं पातेलं, आणि सगळे हसून हसून सैल पडले की वारूळ. हसून तोंड उघडलेलं असतं तेव्हाच कडू औषध आत जातं.

राविरोचं अंगण तिला ओळखू आलं नाही. मोठा पांढरा तंबू, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, कर्णा, तरण्या पोरींच्या अंगात राविरोचा फोटो छापलेले टी-शर्ट. गारिकाईनं लांबूनच तिला ओळखलं आणि दोन्ही हातांत तिचे हात घेतले. डोळे सुजलेले होते त्याचे. खोटं नव्हतं ते.

"मावशी! एवढ्या लांबून आलात! आई तुमचं नाव नेहमी घ्यायची."

कधी घ्यायची, कुणाजवळ घ्यायची, असं मायदेईच्या तोंडापर्यंत आलं. ती म्हणाली, "मी साहविरा आहे, बाळा. झगा आणलाय."

"हो ना, मावशी. पण तुम्हांला या वयात त्रास नको. आम्ही शहरातनं माणसं बोलावलीत त्या कामाला. तुम्ही फक्त बसा. ए, आजींना हातांची खुर्ची द्या रे, पुढच्या रांगेत."

इथंच तिनं पिशवी उघडायला हवी होती. झगा डोक्यातून घालून त्याच्या अंगावर धावून जायला हवं होतं, "अरे माकडा, मला खुर्ची देतोस?" म्हणून. सगळं गाव तिच्या बाजूनं असतं. पण जन्मभर प्रत्येक मयताला ती जमिनीवर बसली होती, गुडघे दुखत होते, आणि आजवर कुणी तिला हातांची खुर्ची दिली नव्हती. बसली. कुणीतरी गार सरबताची बाटली हातात ठेवली. मायदेईला त्या खुर्चीत बरं वाटलं. ही गोष्ट तिनं पुढं कुणाला सांगितली नाही.

थोड्या वेळानं एक तिशीची बाई तिच्यासमोर उकिडवी बसली, अदबीनं टाळ्या वाजवून नमस्कार केला. ती भाड्याची साहविरा. नाव लव्हनेस.

"आजी, तुम्ही जवळच्या म्हणे. म्हातारी चालायची कशी, तेवढं सांगा. सकाळपासून विचारतेय, तर सगळे म्हणतात, हळू चालायची. हळू तर सगळ्याच म्हाताऱ्या चालतात हो."

"तुला काय करायचंय? जे सगळीकडे करतेस ते कर."

"ते करीनच. पण तिचं तिला मिळालं तर बरं ना? काल एका मास्तरचं केलं, त्याचा मुलगा म्हणाला, हा माझा बाप नव्हेच."

पोर वाईट नव्हती. मायदेईला वाटलं, मी तर खुर्चीत बसले. निदान राविरो तरी स्वतःच्या चालीनं जाऊ दे. तिनं बसल्या जागी डावी टाच बाहेर फेकून दाखवली.

"अशी. ओढ्याकाठी पाय मुरगळला होता."

"केव्हा?"

"ते तुला नको. आणि तपकीर ओढली की एक बोट वर करायची. शिंक येईपर्यंत कुणी बोलायचं नाही."

लव्हनेसनं लगेच बोट वर केलं. हुबेहूब. मग मायदेईनं वारुळाचं सांगितलं. अंघोळ, रुमाल, अकरा वर्षांचे रविवार, चुकून लागलेला फोन. "हे त्याच्याकडे बघून म्हण. शेवटी म्हण. हसू नकोस."

"पिशवीत काय आहे, आजी? तिचा झगा? द्या ना, लगेच परत देते."

तिनं तोही दिला.

लव्हनेसला झगा बरोबर बसला. ती टाच फेकत तंबूत आली मात्र, बायका किंचाळल्या, "अगं, ही तर तीच!" शिंकेला तर चर्चचे पाळक रुमालात तोंड घालून हसले. मग ती एका खुर्चीवर चढली, रुमाल सारखा केला, फोन उंच धरला. मायदेईनं बाटली खाली ठेवली.

"अकरा वर्षं!" लव्हनेस कर्ण्यात ओरडली. "दर रविवारी अंघोळ करून वारुळावर! हॅलो, गारिकाई? हॅलो? कोण, चुकून लागला? असू दे बाबा, तू तरी बोल! जेवलास का?"

शेवटचं तिनं पदरचं घातलं होतं. चांगलं घातलं होतं. तंबू हसून फुटला. मायदेई गारिकाईकडे बघत होती. आता त्याचा चेहरा पडेल, आता तो मान खाली घालेल.

गारिकाई मागं रेलून हसत होता. डोळे पुसत पुसत हसत होता, फोनवर चित्र घेत होता. बायकोला म्हणाला, "आई अगदी अशीच!" आणि उठून त्यानं लव्हनेसच्या रुमालात एक नोट खोचली.

साहविराचं बोलणं लागतं, कारण तिला कुणी बोलावलेलं नसतं. नोट घेऊन बोललेलं कुणाला लागणार? मायदेईला हे तेव्हा कळलं. एकच खरी गोष्ट राविरोनं तिच्या हवाली केली होती, ती तिनं भाड्याच्या तोंडात घातली होती. आता तीच गोष्ट पुन्हा उठून सांगावी तर लोक म्हणतील, म्हातारी त्या पोरीची नक्कल करतेय. तिनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धी उठली. तेवढ्यात कर्ण्यात गाणं सुरू झालं, पेटी खांद्यावर गेली, आणि मागच्या बाईनं मायेनं तिचा खांदा दाबून खाली बसवलं. "बसा, आजी. पडाल."

लव्हनेसनं कबूल केल्याप्रमाणे झगा परत आणून दिला, नीट घडी करून. गाडीत बसल्यावर मायदेईनं पिशवीत तोंड घालून हुंगला. तपकिरीचा वास गेला होता. घामाचा आणि कसल्याशा अत्तराचा येत होता.

पुढच्या थांब्यावर एक साठीची बाई चढली, मायदेईला कोपरानं सरकवून शेजारी बसली. ओटीतून कच्चे आंबे काढून चाकूनं कापायला लागली. बोलकी होती.

"मयताहून येताय वाटतं? कोण गेलं?"

"ओळखीचं होतं कुणीतरी."

"घ्या, आंबा घ्या. मीठ आहे माझ्याकडे." तिनं पुडी सोडून मायदेईच्या मांडीवर ठेवली. "कुठल्या तुम्ही? बुहेराच्या दिसता. तोंडावरूनच कळतं, हरणासारखं लांबडं!"

बाई हसत वाट बघत राहिली, उलटा टोला यायची.

मायदेईनं पुडीची घडी घातली आणि परत तिच्या हातात दिली.

"डॉक्टरनं मीठ बंद केलंय मला," ती म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.