साडूंच्या घरचं जुनं लोणचं

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात ताजं लोणचं खाल्लं नव्हतं, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल, घरी ओढाताण असेल. तसं काही नव्हतं. दर उन्हाळ्यात अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, बरणीभर कैरीचं लोणचं घालायची. ते मांडणीत सगळ्यात मागे जायचं आणि ताटात पडायचं गेल्या सालचं. गेल्या सालचं संपेपर्यंत यंदाचंही गेल्या सालचं होऊन बसायचं. 'आधी आलं ते आधी जाणार' हा त्या घरचा कायदा होता, आणि तो साडूंनी गोदामातून आणला होता.

स्वातंत्र्य येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. पिंपरी-चिंचवडकडे कारखान्यांची नुकती कुठे जुळवाजुळव चालली होती. चिंचवड स्टेशनाजवळ एका शेठचं पत्र्याचं गोदाम होतं आणि साडू तिथले गोदामकीपर. सगळे त्यांना मामा म्हणत. मुंबईच्या कारखान्यांतून साबणाच्या, चहाच्या, बिस्किटांच्या पेट्या रेल्वेने यायच्या, गोदामात मुक्काम करायच्या आणि मग बैलगाडीने नाहीतर लॉरीने देहूरोड, आळंदी, चाकणच्या दुकानांत जायच्या. आता नवी पेटी दाराशी ठेवावी आणि दुकानदाराला दाराशी असेल तीच द्यावी, हे कुणालाही सुचेल. साडूंना ते पाप वाटे. नवा माल आला की आधी मागची जुनी थप्पी पुढे, मगच नवी मागे. हमाल घामाघूम होऊन करवादायचे, "मामा, बिस्किटंच हायती, म्हातारी मान्सं न्हाईत!" साडू शांतपणे म्हणत, "मागं ऱ्हायलं त्ये कुजलं. चाकणच्या पोरानं अळीचं बिस्कीट का म्हनून खायचं? गोदाम मुक्कामाची जागा हाय, ऱ्हायाची न्हवं."

इथवर ठीक होतं. पण हा माणूस संध्याकाळी गोदामाला कुलूप घालायचा आणि कायदा तेवढा बरोबर घरी न्यायचा. जुनी छत्री मोडायची वाट बघत नवी छत्री खुंटीवरच विरून गेली. धोतरांचीही तीच गत. अक्का म्हणायची, "या घरात नवी असताना वापरात आली ती मी एकटीच. माझ्या आधीची कुणी नव्हती म्हणून बरं!"

माझ्या मुलीचं बारसं सासुरवाडीला, चिंचवडलाच होतं. पंगतीची व्यवस्था मी विश्वासाने साडूंकडे सोपवली. माझी आई मदतीला म्हणून उजाडताच आली होती. म्हणजे साडूंच्या लेखी सगळ्यात जुना माल. त्यांनी तिला पहिल्या पानावर बसवलं, हातात विडा दिला आणि मोठ्या अदबीने टांग्यात बसवून दिलं. सुनेच्या माहेरची अशीच रीत असेल, असं समजून ती माउली निमूट गेली. पाळणा म्हणायची वेळ झाली तेव्हा सगळं गाव हजर आणि आजी स्टेशनावर! मी साडूंना जाब विचारला तर तेच माझ्यावर उखडले. "अवो, सगळ्यांच्या आधी त्याच आल्या व्हत्या!"

पुढे शेठने स्वतःची लॉरी घेतली. मोठ्या दुकानांचा माल कारखान्यातून थेट जाऊ लागला, गोदाम अर्धं रिकामं पडलं, आणि शेठ म्हणाले, एक माणूस कमी करा. कोण जाणार ते उघड होतं. वजनकाट्यावरचा उस्मान सगळ्यांत शेवटी लागलेला. बीडकडचा माणूस, बायकापोरांना नुकतंच गावाहून आणलेलं. त्या दुपारी त्याने डबासुद्धा उघडला नाही. मी घरच्या सामानासाठी चहाची एक रिकामी पेटी मागायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

साडू शेठच्या गादीपुढे जाऊन उभे राहिले. "शेठ, हितं आधी कोन आलं?"

"तुम्हीच की मामा. पत्रे चढले तेव्हापासून आहात."

"मंग मीच जानार. जल्मभर पेट्यास्नी एक कायदा लावला, मान्सास्नी दुसरा कसा लावू?"

शेठ हसले. साडू हसत नाहीत हे मग त्यांच्या ध्यानात आलं. ते रागावले, मग समजूत घालू लागले, पण साडूंनी किल्ल्यांचा जुडगा गादीवर ठेवला आणि वळले. उस्मान दारात आडवा आला. "मामा, असं नका करू. मी जातो ना गावाला."

"तू नवी पेटी," साडू म्हणाले. "मागं सर. माझी वाट सोड."

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. अक्काला बातमी मलाच सांगावी लागली. ती चुलीकडे वळली. पानं वाढताना सवयीने तिचा हात जुन्या बरणीकडे गेला.

"नवी काढ," साडू म्हणाले.

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. मग मांडणीच्या मागून यंदाची बरणी आली, तिच्या तोंडावरचा फडक्याचा दादरा सुटला. साडूंनी फोड दाताखाली धरली, तसा कर्रकन आवाज झाला. ते थबकले. मला वाटलं, दात दुखावला.

"अगं, यवढं कुरकुरीत असतंय व्हय?"

"दर साली असंच असतं," अक्का म्हणाली, आणि तिने त्यांच्या पानात आणखी एक फोड वाढली.

साडूंना चिडवायला मला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. त्या संध्याकाळी मात्र मी नव्या लोणच्याची एक फोड मागून घेतली. मी मान खाली घालून जेवत राहिलो.