राज्यपालांचे धाकटे बंधू

माझ्या साडूंइतका राजशिष्टाचार पाळणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये दुसरा नाही, आणि हे मी वकिलातीतली मंडळी धरून बोलतोय. हुद्द्याने ते मेसईदच्या एका खत कारखान्यात स्टोअरकीपर. पण त्यांचे थोरले बंधू सरपंच, जिल्हा परिषद, आमदार, मंत्री असे चढत चढत एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल झाले आणि त्या दिवसापासून साडूंच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरचं राजभवन झालं. सख्ख्या भावाला ‘दादा’ म्हणणं त्यांनी सोडलं, फोनवरसुद्धा ‘महामहिम’. भावाचा सगळा गोतावळा त्यांना हुद्द्यांसकट पाठ: थोरला पुतण्या अमेरिकेत, धाकटा ठेकेदारीत, सूनबाई जिल्हा परिषदेवर, वहिनी गेल्या त्याला तीन वर्षं. सरकारी मानाच्या क्रमाची यादी छापून त्यांनी फ्रिजवर चिकटवली होती. घरी साधा वाढदिवस असला तरी खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या असत. माझी चिठ्ठी कायम चपलांच्या कपाटाशेजारी.

“साडूबुवा, नातं जवळचं, पण क्रम म्हणजे क्रम,” ते म्हणत.

पुढे राज्यपालपद संपलं आणि भाऊ राज्यसभेवर गेले. आम्ही पेढे मागितले, तर हे सुतकात. यादीत खासदार बराच खाली होता.

“अहो, बढती आहे ही,” मी म्हटलं.

“राजकारणात असेल. यादीत नाही.”

गेल्या हिवाळ्यात भाऊ एका शिष्टमंडळाबरोबर दोह्याला आले. त्यांचा निरोप आला: शुक्रवारी दुपारी जेवायला येतो, तासभर आहे. अकरा वर्षांत दोघे भाऊ एका पंगतीला बसले नव्हते. साडूंना आयुष्यात तेवढंच हवं होतं, हे ते मला चारदा म्हणाले. मात्र भावाचा मान राहावा म्हणून त्यांनी चौदा माणसं बोलावली, त्यांत कारखान्याचे जनरल मॅनेजर. मग पहिली खुर्ची कोणाची, यावर चार दिवस गेले. शेवटी सारख्या उंचीच्या दोन नव्या खुर्च्या आणून टेपने अंतर मोजून त्यांनी समोर मांडल्या.

दीड वाजता भाऊ आले. सगळ्यांना नमस्कार केला, दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. माझी मेहुणी भाकऱ्या थापत होती. तिथल्या स्टुलावर बसून ते म्हणाले, “एक गरम वाढ गं.”

साडू दारापर्यंत गेले आणि थबकले. स्वयंपाकघराबद्दल यादीत काहीच नव्हतं. शिवाय बाहेर जनरल मॅनेजर पानावर बसलेले. मुख्य पाहुणा जेवत असताना यजमानाने उठून जायचं नसतं. ते परत फिरले आणि मॅनेजरना आग्रह करू लागले, “थोडा और लीजिए, सर.” आतून भावाच्या हसण्याचा आवाज आला की इकडे वाढणारा हात थांबायचा, पुन्हा चालू व्हायचा. भाऊ आत पस्तीस मिनिटं होते. तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग सचिव आला, “सर, फ्लाइट.” गाडी गेली, पाहुणेही पांगले.

साडू आत आले. “काय म्हणाले?”

“तो कुठंय, असं दोनदा विचारलं,” मेहुणी म्हणाली.

“मग मला हाक का नाही मारलीस?”

“पाहुण्यांना सोडून आला असतात?”

साडूंनी प्रामाणिकपणे विचार केला.

“नसतो आलो,” ते म्हणाले, आणि टोपलीतली गार भाकरी मोडली.