सुनंदाची चौथी पट्टी

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्जुनी मोरगावला शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिचीच गोष्ट सांगत होते. मुलांना गटात एकमेकांकडून शिकू दिलं की वर्गातला छळ कसा थांबतो, याचं माझं ठेवणीतलं उदाहरण म्हणजे सुनंदा. समोरचे माना डोलावत होते. फोन घेतला, ठेवला, आणि... गोष्ट पुरी केली. टाळ्याही घेतल्या. अशी मी!

सातवीत ती बोलताना अडखळायची. मी तिचं नाव 'खटारा' ठेवलं. "खटारा, सुरू हो न व!" म्हणत पाठीत धक्का मारायचा, वर्ग खिदळायचा. मग आमच्या बाईंनी युक्ती काढली. धडा कापून चार पट्ट्या करायच्या, गटातल्या चौघींना एकेक द्यायची. आपली पट्टी वाचायची आणि बाकीच्या तिघींना शिकवायची. पुस्तकं परीक्षेपर्यंत बाईंच्या टेबलावर. सुनंदाला मुद्दाम माझ्या गटात घातलं, चौथी पट्टी तिची. तिनं तोंड उघडायच्या आत मी ती हिसकली आणि टराटरा फाडली. परीक्षेत चौघी त्याच भागात आपटलो, तर शाळेमागच्या धानाच्या बांधीत आम्ही तिघींनी तिलाच चिखलात लोळवलं. "तुह्यामुळं गेले मार्क!" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

बाईंना कळलं. त्यांनी मारलं नाही, त्याहून वाईट केलं. अवघड पट्टी रोज सुनंदालाच, आणि तिचं पुरतं सांगून होईस्तोवर आमच्या गटाला जेवणाची सुट्टी नाही. आम्ही हसलो की ती गप्प, ती गप्प की आम्ही उपाशी. पंधरा दिवसांत सगळ्यांचे दात आत गेले. पुढे तिला 'खटारा' म्हणणाऱ्या एका पोरीला मीच थोबाडीत ठेवून दिली. वर्षअखेर आम्ही जिवलग मैत्रिणी झालो... असं मी इतकी वर्षं सांगत आले.

शेवटची भेट कोहमाऱ्याला, तिच्या घरी. आजारानं पार वाळली होती. मी तोंडभर हसून म्हटलं, "तुही गोष्ट मी साऱ्यांले सांगून राहिली. आपला गट आठवते न?"

ती उशीला टेकून बसली. "गट... बाईनं पाडला होता. मी नाही पाडला," म्हणाली. मग सावकाश, "तुले भूक लागे, म्हणून तू ऐकत होती."

माफी मागायचा तोच क्षण होता. मी मेलीनं तोंड उघडलं आणि म्हटलं काय, तर "गोळ्या वेळेवर घेत जा." चहा पिऊन बस गाठली.

तेरवीला तिच्या लेकीनं एक पाकीट हातात दिलं. "आईनं तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं, मावशी." आत ती पट्टी. वर्गातले तुकडे वेचून, भाताच्या शितांनी चिकटवलेली, पिवळी पडलेली. धड्याचा तो भाग मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

गेल्या आठवड्यात पुन्हा प्रशिक्षण होतं. पट्टी टेबलावर ठेवली आणि ठरवलं, या खेपेला खरं सांगायचं. खटारा सांगितलं, चिखल सांगितला. भुकेपाशी आले आणि... शब्दच फुटेना. "ती म्ह... ती म्ह..." करत उभी राहिले.

मागून कोणीतरी हसलं.