उणे एकशे एक्कावन्नचा उंबरठा

"आज आलेख साफ आला नाही, तर उद्यापासून हॉस्टेलच्या पाण्याच्या मोटारीवर," विभागप्रमुख काळमेघ सरांनी चारचौघांत सांगून टाकलं. बावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाडं झिजवलेल्या नत्थूजींना! मे महिना, सन अठ्ठ्याहत्तर.

काम असं : स्फटिकावर विजेचा दाब ठेवून तो द्रव नायट्रोजननं थंड करत न्यायचा. त्याच्या आतले हायड्रोजनचे कण क्वांटमच्या नियमानं इकडून तिकडे निसटत असतात. उणे एकशे एक्कावन्न अंशांपाशी ते एका बाजूला रांग धरतात. रांग नीट, तर कागदावर एकच टोकदार शिखर. आठ दिवस नुसते करवतीचे दात येत होते.

"हात थरथरतो तुमचा," सर म्हणाले. "सध्या मिनिटाला अर्धा अंश. त्याहूनही हळू घ्या."

नत्थूजींचं डोकं फिरलं. थरथरत होती ती विजेची लाइन! साऱ्या इमारतीत कूलर. एकेक मोटर लागली की स्फटिकावरचा दाब झटके खायचा. कूलर बंद करा म्हणायला ते प्राचार्यांकडे गेले, तर बोलणी खाऊन आले.

"हळू करून राहिलो म्हणूनच बिघडून राहिलं, सर. उंबरठ्यावर जितका येळ उभं राहू, तितके झटके खाऊ. मंगळवारी नायट्रोजन कमी होता, घाई केली, तं शिखर बरं आलतं. काहून?"

"मग एकदम पळवायचं का?" गोपिकानं विचारलं. प्रबंध तिचा होता.

"नाही वं पोरी. पळवलं तं कणायले रांग धराले येळच भेटत नाही. मिनिटाले दोन अंश. ना मुंगी, ना हरीण."

परवानगीची वाट न बघता त्यांनी नायट्रोजनचा कॉक फिरवला. सरांचा चेहरा लाल झाला, पण आता थांबवणं म्हणजे स्फटिक वाया. उणे एकशे पन्नास. वर धाडकन् एक कूलर लागला. आलेखाचं पेन अडखळलं, सावरलं आणि सरळ वर चढून खाली आलं. एकच शिखर.

"योगायोग," सर म्हणाले.

"मंग पुन्हा करा. एका खेपेपुरता नायट्रोजन हाय. अन् कॉक तुमी धरा, म्हणजे माह्या हातावर बोल नोको."

सरांनी कॉक धरला. दोन अंश. पुन्हा तेच शिखर. गोपिकानं दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले. शिखरावर शिखर तंतोतंत बसलं.

"उद्या सात वाजता या," सर पुटपुटले.

"कुठं? हॉस्टेलवर?"

"इथं."

"मोठ्यानं सांगा, सर. मले काढलं होतं तं चारचौघांत."


सर दारापर्यंत गेले. व्हरांड्यात पोरं उभी होती.

"इथंच, नत्थूजी! सात वाजता!"