शांघायच्या धक्क्यावरचा धोंडिबा

१९२७ साली आमच्या सॅपर सेक्शनला, म्हणजे फौजेतल्या तारा-पूल बांधणाऱ्या तुकडीला, चीनमध्ये शांघायला जाण्याचा हुकूम आला. तिथे यादवी चालू होती आणि इंग्रजांना आपल्या वखारींची काळजी होती. आमचे काम धक्क्याभोवती काटेरी तार लावणे आणि तिच्यामागे पहारा देणे.

मी नाईक होतो. सॅपर धोंडिबा शेडगे माझ्याच गावचा, मुळशीचा. त्याची भातखाचरे धरणात गेली तेव्हा तो भरती झाला. त्या धरणाच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत आणि गिरण्यांचे सूत गठ्ठे बांधून चीनला जाई. पूर्वी पुष्कळ जाई. आता जपानचे सूत स्वस्त पडू लागले होते. त्यात चिनी मजुरांनी इंग्रजी निशाणाच्या बोटींवर बहिष्कार घातला. सूत आपले, पण बोट इंग्रजांची. गठ्ठे बोटीतच पडून राहत.

गठ्ठ्यावरचा मुंबईचा शिक्का पाहून धोंडिबा म्हणाला, "नाईकसाहेब, ह्यो आमचाच आंबेमोहोर हाय. सूत होऊन आलाय."

"गप उभा राहा."

"उभाच हाय की. शेताची राखण लई वर्सांनी मिळाली."

दिवस सारखेच जात. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज उभे राहणे, मग तारेची पाहणी, चहा, पहारा. तारेपलीकडे ते संपकरी मजूर बसलेले असत. आमच्या वाटेला ते जात नसत. माल उतरवणाऱ्याला मात्र मारत.

एका सकाळी तारेबाहेर लागलेल्या बोटीतून एक म्हातारा हमाल पाठीवर गठ्ठा घेऊन उतरायच्या फळीवर आला. भुकेपायी आला असावा. तो मध्यावर पोचला आणि संपकऱ्यांचे दगड सुरू झाले. मागून मुकादम ओरडत होता. म्हाताऱ्याला पुढे येता येईना, मागे वळता येईना. ओझ्याने तो एका बाजूला झुकत चालला होता.

कॅप्टनसाहेबांचा हुकूम आला, "तार के बाहर कोई नहीं जाएगा."

आमच्या मावळात घाटातल्या ओझेकऱ्याला कुणी तसाच उभा ठेवत नाही. भेटेल तो माणूस हात लावून ओझे उतरवून देतो. धोंडिबाने रायफल माझ्या हातात दिली.

"धोंड्या, ऑर्डर हाय."

"हाय ना. पर म्हातारा पडतोय."

तो तारेबाहेर गेला. दगड थांबले. फळीवर जाऊन त्याने गठ्ठ्याखाली खांदा दिला. आमच्याकडे ओझे दोघे मिळून खाली ठेवतात. वाहणारा शेवटपर्यंत हात सोडत नाही. म्हाताऱ्याला वाटले, शिपाई मारायला आला. त्याने अंग काढून घेतले आणि बोटीकडे पळाला. सगळे वजन एकट्या धोंडिबावर आले. फळी कलली. गठ्ठा आणि तो एकदमच पाण्यात गेले.

मुळा नदीच्या डोहात पोहायला शिकलेला माणूस. पण अंगावर जाड लष्करी ग्रेटकोट होता, पायांत खिळ्यांचे जड ॲम्युनिशन बूट, कमरेला काडतुसे. मी उडी घ्यायला धावलो. आमच्यातल्या दोघांनी मला धरून ठेवले. शेवटी संपकऱ्यांनीच होडी घातली. बांबूंनी चाचपत त्यांनी त्याला धक्क्याच्या खांबांमधून काढले. मघाशी दगड मारणाऱ्या एकाने त्याच्या तोंडावरचा गाळ पुसला.

मी फील्ड टेलिफोनवर कॅप्टनसाहेबांना कळवले.

"एक जवान गेला, साहेब."

"गोळी?"

"नाही, साहेब."

"दगड?"

"नाही."

"मग कसा?"

"ओझं उतरवताना."

पलीकडून आवाज आला, "रिपोर्टमध्ये 'बुडून मृत्यू' लिही."

नदीकाठीच त्याला अग्नी दिला. लाकडे ओली होती. चिता धड पेटायला दुपार झाली.

रजेवर मुळशीला आलो तेव्हा त्याची आई धरणाच्या वरच्या उतारावर झोपडीत राहत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"त्यो म्हातारा?"

"वाचला, काकू."

"त्यानं इचारलं का, ह्यो कोण व्हता म्हून?"

"न्हाई. पळाला त्यो. पुन्यांदा दिसला न्हाई."

"म्हंजी त्याला ठावंच न्हाई." ती माझ्याकडे वळली. "तू साळा शिकलायस. लिवून तरी ठेव."

काकूही आता नाही. सॅपर धोंडिबा मारुती शेडगे, राहणार मुळशी, वय तेवीस. तो त्या माणसाचे ओझे उतरवायला गेला होता. त्या माणसाला हे कधी कळले नाही.